खोडात साठलेली हवा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पीटरशॅम नावाचं छोटं गाव आहे. त्या गावाला लागून असलेल्या जंगलात रेड ओकचं एक झाड उभं आहे असं समजा. जमिनीपासून १.३ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, त्याच्या खोडाचा व्यास ४० सेंटिमीटर भरतो. एका माणसाच्या मिठीत सहज मावेल एवढंच ते झाड. त्याचं जमिनीवरचं सगळं लाकूड, फांद्या, साल आणि पानं पाण्याचा अंशही उरणार नाही इतकी वाळवली, तर वजन भरेल सुमारे १ टन. त्यातला जवळजवळ अर्धा भाग, म्हणजे ५०० किलोपेक्षा थोडा जास्त, निव्वळ कार्बन असेल. आणि हा सगळा कार्बन हवेतून आलेला असेल.

हवेत कार्बन डायऑक्साइड आहे तरी किती? हवेच्या दर १० लाख रेणूंमागे ४२० रेणूंच्या आसपास. एक घनमीटर हवा घेतली आणि तिच्यातल्या कार्बन डायऑक्साइडमधला फक्त कार्बन बाजूला काढला, तर हाती येईल ग्रॅमचा जेमतेम पाचवा हिस्सा. या हिशेबानं आपल्या ओकनं आजवर जेवढा कार्बन खोडाफांद्यांत घातला, तेवढा मिळवायचा तर सुमारे २५ लाख घनमीटर हवा गाळून घ्यावी लागेल. लांबी, रुंदी आणि उंची १३५ मीटर असलेला हवेचा ठोकळा, पंचेचाळीस मजली इमारतीइतका उंच, पुरता निथळून काढायचा. एका जागी उभं राहून, पानांच्या पाठीवरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांतून, हे काम त्या झाडानं केलेलं असतं. हा हिशेब मी जितक्या वेळा करून पाहतो तितक्या वेळा पेन्सिल क्षणभर थांबते.

झाड हवेतून बनतं ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली. सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या व्हॅन हेल्माँट या वैद्यानं ५ पौंड वजनाचं विलोचं रोप २०० पौंड कोरड्या मातीत लावलं आणि ५ वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंडांच्या वर, आणि माती वाळवून तोलली तर कमी झाली होती अवघी २ औंस. माती खाऊन झाड वाढत नाही हे त्यानं तराजूनं सिद्ध केलं. मग वाढलेलं वजन आलं कुठून? पाण्यातून, असा निष्कर्ष त्यानं काढला. १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, हे सगळं छापून आलं. प्रयोग अप्रतिम होता, तोलणं चोख होतं. फक्त चारही बाजूंना पसरलेली, तराजूत न बसणारी हवा हिशेबात यायची राहिली. ती यायला आणखी दीड शतक लागलं. वाळलेल्या लाकडाच्या वजनातला सुमारे अर्धा भाग कार्बन आणि चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असतो, आणि हे दोन्ही कार्बन डायऑक्साइडच्या रूपानं पानात शिरलेले असतात. पाण्याकडून लाकडात टिकतो तो मुख्यतः हायड्रोजन, वजनानं जेमतेम सहा टक्के.

पीटरशॅमचं हे जंगल हार्वर्ड विद्यापीठाच्या मालकीचं आहे. १९०७ साली विद्यापीठानं ते घेतलं आणि ‘हार्वर्ड फॉरेस्ट’ या नावानं वनशास्त्राचं अभ्यासकेंद्र सुरू केलं. रिचर्ड फिशर हे त्याचे पहिले संचालक. आज सुमारे ४००० एकरांवर ते पसरलेलं आहे. रेड ओक, रेड मेपल, बर्च, व्हाइट पाइन आणि गर्द सावलीचा हेमलॉक ही तिथली मुख्य झाडं. वनशाळेसाठी झाडं लावायची, तोडायची, मोजायची, अशी त्या काळच्या पद्धतीची सुरुवात होती. पण शंभराहून जास्त वर्षं एकाच जमिनीच्या नोंदी एकाच छपराखाली जपल्या गेल्यामुळे त्या जंगलाला स्वतःची स्मृती मिळाली आहे. दर उन्हाळ्यात देशभरातल्या कॉलेजांतून विद्यार्थी तिथे राहायला येतात. डास आणि गोचिड्या चावू नयेत म्हणून पँटची टोकं मोज्यांत खोचतात आणि जंगलात शिरतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं काम एकच: झाडं मोजणं.

हे मोजणं ऐकायला सोपं आहे, करायला नाही. टेपपासूनच सुरुवात करू. वनशास्त्रातला टेप खोडाभोवती गुंडाळतात, म्हणजे मोजला जातो घेर. पण त्यावर आकडे छापलेले असतात ते व्यासाचे. टेपवरचा प्रत्येक ‘सेंटिमीटर’ खरं तर ३.१४ सेंटिमीटर लांब असतो. भागाकार कारखान्यातच होऊन येतो. मग उंची. उतारावरचं झाड असेल तर १.३ मीटर वरच्या अंगाकडून मोजायचे की खालच्या? वरच्या. नेमक्या त्या उंचीवर खोडाला गाठ आली असेल तर? गाठीपासून दूर सरकायचं आणि कोणत्या उंचीवर मोजलं ते लिहून ठेवायचं. त्या उंचीच्या खालीच खोड दुभंगलं असेल तर? दोन्ही खोडं वेगळी मोजायची. झाड वाकलं असेल तर खोडाच्या कलानं मोजायचं. टेप तिरका गेला, टेपखाली वेल अडकली, शेवाळाचा थर जाड निघाला, तर काही मिलिमीटरांची चूक झालीच. आणि वर्षभरात झाडाची जाडी वाढते तीसुद्धा काही मिलिमीटरच. पाच वर्षांनी दुसऱ्याच कुणाला तरी त्याच जागी टेप ठेवायचा आहे, म्हणून झाडाला क्रमांकाचा ॲल्युमिनियमचा बिल्ला लागतो. आपला आकडा अनोळखी माणसाच्या उपयोगी पडावा म्हणून इतकी खबरदारी घेणं, हे मला विज्ञानातल्या सगळ्यात सुंदर सवयींपैकी एक वाटतं.

हार्वर्ड फॉरेस्टमध्ये ३५ हेक्टरांचा एक तुकडा असा आहे की त्यातलं १ सेंटिमीटर किंवा जास्त जाडीचं प्रत्येक खोड मोजलेलं आहे, नकाशावर मांडलेलं आहे, नाव आणि क्रमांक देऊन. मोठी झाडं तर आलीच, पण बोटाएवढी झुडपंही, अगदी दलदलीत गुडघाभर पाण्यात उभी असलेलीसुद्धा. २०१० ते २०१४ या काळात ही पहिली गणना झाली आणि खोडं भरली लाखाहून अधिक. या पद्धतीची सुरुवात पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर १९८० च्या सुमारास झाली, आणि आज जगभरच्या कितीतरी जंगलांत हेच नियम पाळून मोजणी होते. आपल्या देशातला असा तुकडा तमिळनाडूतल्या मुदुमलईच्या जंगलात आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं १९८८ साली आखलेला, ५० हेक्टरांचा. तिथली मुख्य झाडं मराठी माणसाला सह्याद्रीतून चांगली ओळखीची: साग, ऐन, धावडा, नाणा. पीटरशॅमला बर्फ आणि वादळं झाडांचा हिशेब बदलतात; मुदुमलईला वणवे आणि हत्ती. टेप मात्र दोन्हीकडे त्याच उंचीला लागतो, आणि म्हणून या दोन जंगलांची एकमेकांशी तुलना करता येते.

टेपपेक्षाही बारकाईनं झाडाची वाढ पाहायची असेल तर खोडाला कायमचा पट्टा बांधतात. पोलादाची पातळ पट्टी, तिची दोन टोकं स्प्रिंगनं ताणून धरलेली, आणि पट्टीला पाडलेली एक खाच. झाड जाड होतं तशी खाच रुंदावते. विद्यार्थी ठरलेल्या दिवशी कॅलिपर घेऊन येतो आणि त्या खाचेची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचतो. एवढ्या बारकाईत गेल्यावर एक नवल कळतं. खोड दिवसभरातही आक्रसतं आणि फुगतं. उन्हं चढली की पानांतून पाणी उडून जातं आणि खोड किंचित बारीक होतं. रात्री मुळं पाणी भरून काढतात आणि ते पुन्हा पहिल्या जागी येतं. दुपारचं वाचन आणि पहाटेचं वाचन यांची सरमिसळ केली तर कोरड्या आठवड्यात झाड चक्क बारीक झाल्यासारखं दिसतं.

व्यासाचा आकडा हातात आला की त्यातून वजन कसं काढायचं? झाड तर तोडायचं नाही. इथे आधीच्या पिढ्या मदतीला येतात. वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या जाडीची झाडं वनशास्त्रज्ञांनी पूर्वी तोडली, त्यांचे तुकडे केले, खोड वेगळं, फांद्या वेगळ्या, पानं वेगळी असं सगळं वाळवून तोललं, आणि व्यासाचा वजनाशी काय संबंध आहे ते सूत्रात बसवलं. अमेरिकेतल्या अशा शेकडो सूत्रांची एकत्र सांगड घालून २००३ साली जी सूत्रं प्रसिद्ध झाली, त्यांतलं ओकच्या गटाचं सूत्र सांगतं की वजन व्यासाच्या साधारण २.४३ या घातानं वाढतं. शाळेत वर्ग आणि घन शिकलेले असतात. हा घात त्या दोघांच्या मधला. म्हणजे व्यास दुप्पट झाला की वजन दुप्पट होत नाही, साडेपाचपटीच्या जवळ जातं. २० सेंटिमीटरचा ओक २०० किलोंच्या आसपास, ४० सेंटिमीटरचा १ टनाच्या वर.

या घातात फार मोठी गोष्ट दडलेली आहे. आपला ४० सेंटिमीटरचा ओक आणखी एकच मिलिमीटर जाड झाला, तर त्याचं कोरडं वजन साडेसहा किलोंनी वाढतं. त्यात कार्बन ३ किलोंहून जास्त, आणि तेवढा कार्बन हवेत असता तर १२ किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड झाला असता. नखाच्या जाडीची ती वाढ खोडाच्या पूर्ण उंचीभर, फांदी न् फांदीभर चढलेली असते, म्हणून तिचं वजन इतकं. उलट बाजूनं पाहा. अडीच सेंटिमीटर जाडीची कोवळी रोपं त्याच सूत्रात घातली, तर एका ४० सेंटिमीटरच्या ओकची बरोबरी करायला साडेआठशे रोपं लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात किती रोपं लावली याचे आकडे वर्तमानपत्रांत येतात, आणि रोपं लावावीतच. पण त्यातली किती छातीच्या उंचीला टेप लावण्याइतकी वाढली, आणि रस्त्याकडेचं जुनं झाड किती रोपांच्या तोलाचं होतं, हे आकडेही शेजारी छापले जावेत असं मला मनापासून वाटतं.

पण सूत्र हे सूत्र आहे. ते ज्या झाडांवरून बनलं ती झाडं दुसऱ्या कुठल्या जंगलातली, दुसऱ्या मातीवरची, आणि बहुतेक वेळा मध्यम आकाराची असतात, कारण अवाढव्य झाड तोडून तोलणं कुणाला सहजी जमत नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मालकीचं वायथम वुड्स हे जंगल आहे. १९४२ पासून ते विद्यापीठाकडे आहे. तिथे संशोधकांनी जमिनीवरून लेझर किरण फिरवून झाडांचं त्रिमितीय चित्र उभं केलं, प्रत्येक फांदीचं आकारमान काढलं, आणि त्यावरून वजन. २०२२ साली निष्कर्ष छापला गेला: रूढ सूत्रानं जे वजन निघत होतं त्याच्या १.७७ पट वजन प्रत्यक्षात त्या तुकड्यात उभं होतं. मोठ्या झाडांना सूत्र फारच हलकं समजत होतं. इतकी वर्षं ज्यांच्या सावलीत संशोधन चाललं ती झाडंच आपल्याला पुरती कळलेली नव्हती, ही बातमी मला तरी आनंदाची वाटली.

झाडं मोजून झाली की जंगल मोजून झालं असं नाही. पानगळीत खाली येणारा पाला जाळीच्या टोपल्यांत झेलायचा, पिशव्यांत भरायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा, जातीनुसार निवडायचा आणि तोलायचा. आडवे पडलेले ओंडके मोजायचे. त्यांची लांबी-जाडी तर घ्यायचीच, शिवाय ते किती कुजले आहेत हेही ठरवायचं. कारण ठणठणीत ओंडका आणि बोट रुतेल असा भुसभुशीत ओंडका आकारानं सारखे असले तरी त्यांतला कार्बन सारखा नसतो. मेलेलं पण उभं असलेलं झाड वेगळ्या रकान्यात. नवीन रोपटं १ सेंटिमीटरचा उंबरठा ओलांडून आलं तर त्याला नवा क्रमांक.

आता वर पाहू. याच जंगलात १९८९ साली ३० मीटर उंचीचा एक मनोरा उभा राहिला. हार्वर्डचे वातावरणशास्त्रज्ञ स्टीव्हन वॉफ्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांच्या शेंड्यांच्या वर काही मीटरवर दोन उपकरणं बसवली. एक वाऱ्याचा वेग तिन्ही दिशांनी ध्वनिलहरींच्या साहाय्यानं मोजतं, सेकंदाला अनेक वेळा. दुसरं हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतं. त्यासाठी ते अवरक्त किरण वापरतं, कारण हा वायू ते किरण शोषतो. पृथ्वी तापवणारा जो त्याचा गुण, तोच त्याला मोजण्याच्या कामी येतो.

कल्पना अशी. जंगलावरून वारा वाहतो तेव्हा हवा सरळ जात नाही, तिच्यात भोवरे असतात. काही झोत वरून खाली येतात, काही खालून वर जातात. उन्हाळ्यातल्या दुपारी पानं जोरात काम करत असतात, त्यामुळे खालून वर येणाऱ्या झोतात कार्बन डायऑक्साइड किंचित कमी आणि वरून खाली जाणाऱ्या झोतात किंचित जास्त असतो. प्रत्येक क्षणी वारा वर जातो आहे की खाली आणि त्यात वायू किती आहे, या दोन आकड्यांचा गुणाकार करत राहायचं आणि अर्ध्या-एक तासाची बेरीज घ्यायची. उरतं ते जंगलानं त्या वेळात घेतलेलं किंवा सोडलेलं निव्वळ माप. एकही झाड न शिवता, आसपासच्या कितीतरी हेक्टरांचा श्वास मोजला जातो. रात्री दिशा उलटते: पानं, खोडं, मुळं आणि मातीतले जीवाणू-बुरशी सगळे श्वास सोडतात. हिवाळ्यात बर्फाखालून माती संथपणे कार्बन डायऑक्साइड सोडत राहते. निवांत रात्री वाराच नसतो, भोवरे थांबतात आणि वायू झाडांच्या तळाशी साचून राहतो. अशा रात्रींचे आकडे फसवे निघतात आणि ते ओळखून वेगळे काढावे लागतात. १९९३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात वॉफ्सींच्या गटाचा निबंध आला. या पद्धतीनं जंगलाचा वर्षानुवर्षांचा हिशेब ठेवता येतो हे त्यातून जगाला दिसलं, आणि मग असे मनोरे खंडोखंडी उभे राहिले. पीटरशॅमचा मनोरा हा त्यांतल्या सर्वांत दीर्घ नोंदी असलेल्यांपैकी एक.

म्हणजे एकाच जंगलाकडे दोन बाजूंनी पाहणारी माणसं झाली. वरची माणसं हवेत काय कमी झालं ते मोजतात. खालची माणसं खोडांत काय वाढलं ते मोजतात. दोघांची उपकरणं वेगळी, गणित वेगळं, चुका होण्याच्या जागा वेगळ्या. दोघांचं जमतं का? २००१ साली ‘सायन्स’मध्येच त्याचं उत्तर आलं. १९९३ ते २००० या आठ वर्षांत मनोऱ्यानं सांगितलं: हेक्टरी दरवर्षी २ टन कार्बन जंगलात राहिला, ०.४ टन इकडे-तिकडे. टेप, टोपल्या आणि ओंडके यांनी सांगितलं: १.६ टन, तेही ०.४ टन इकडे-तिकडे. चुकीची शक्यता धरली तर दोन्ही आकडे एकमेकांना भेटतात.

या भेटीचं मोल कळायला २ टन म्हणजे किती ते पाहू. एका चौरस मीटर जमिनीमागे वर्षाला २०० ग्रॅम. वर्षभरात जंगल घेतं याच्या कितीतरी पट, पण त्यातलं बहुतेक श्वासावाटे परत जातं. राहते ती ही छोटीशी शिल्लक. दोन प्रचंड संख्यांच्या वजाबाकीतून उरलेली ती बाकी वाऱ्याच्या झोतांतून एका गटानं पकडली, आणि चिखलात बूट रुतवत टेप गुंडाळणाऱ्या मुलामुलींनी खोडांतून पकडली. त्यातही एक बारकावा. वर्षावर्षांत मनोऱ्याचा आकडा निम्म्याहून जास्त वरखाली होत होता. ढगाळ उन्हाळा, लवकर वितळलेला बर्फ, अशा गोष्टींनी तो हलतो. आणि साठलेल्या कार्बनपैकी जिवंत झाडांत होता सुमारे ६० टक्के. बाकीचा पडलेल्या ओंडक्यांत आणि मातीत. ज्यानं फक्त उभी झाडं मोजली असती त्याच्या हातून तो निसटला असता.

पण हे जंगल कार्बन साठवतं आहे तरी का? जुन्या, स्थिरावलेल्या जंगलात येणं-जाणं बऱ्यापैकी तुल्यबळ असेल अशी आपली अपेक्षा असते. याचं उत्तर त्या जंगलातल्या दगडी बांधांत सापडतं. ओकच्या दाट झाडीतून चालताना मध्येच गुडघ्या-मांडीएवढ्या उंचीचे, रचलेल्या दगडांचे बांध लागतात. सरळ रेषेत गेलेले, काटकोनात वळलेले. जंगलात बांध कशाला? कारण तिथे शेतं होती. मूळचा हा निपमक लोकांचा मुलूख. अठराव्या शतकात युरोपीय वसाहतकारांनी तिथली झाडी साफ करून शेतं आणि कुरणं काढली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या भागातली बहुतेक जमीन उघडी झाली होती. मग कालवे आणि रेल्वे आली, पश्चिमेकडचं स्वस्त धान्य येऊ लागलं, गिरण्यांच्या गावांत मजुरी मिळू लागली, आणि खडकाळ शेतं लोकांनी सोडून दिली. सोडलेल्या शेतांत व्हाइट पाइन उगवला. तो विसाव्या शतकाच्या तोंडावर तोडला गेला. त्याच्याखाली वाट पाहत असलेले ओक, मेपल, बर्च वर आले. त्यानंतर २१ सप्टेंबर १९३८ रोजी एक चक्रीवादळ न्यू इंग्लंडवरून गेलं आणि उभं लाकूड आडवं केलं. हार्वर्ड फॉरेस्टचं पाइनचं रान त्या एका दिवसात झोपलं. आज विद्यार्थी ज्या ओकांना टेप लावतात त्यांतले कितीतरी त्या उघडलेल्या आभाळाखाली वाढलेले आहेत.

म्हणून मनोऱ्याचा आकडा हा इतिहासाचाही आकडा आहे. शेतकऱ्यांनी सोडलेली आणि वादळानं उघडी केलेली जमीन स्वतःला भरून काढते आहे, आणि ते भरून काढणं आपण टनांत मोजतो आहोत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात इथल्या अनेक दशकांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. दिसलं असं की १९९२ ते २०१५ या काळात जंगलाचा कार्बन साठवण्याचा वेग जवळपास दुप्पट झाला. मुख्य कारण रेड ओक, ऐन उमेदीतला. जोडीला वाढलेलं तापमान, जास्त पाऊस आणि लांबलेला पानांचा हंगाम.

याच काळात हेमलॉकच्या बाबतीत मात्र उलट घडत होतं. जपानकडून आलेला मावावर्गातला एक किडा, लोकरीसारखा पांढरा पुंजका करून सुईसारख्या पानांच्या बुडाशी बसणारा, पूर्व अमेरिकेतले हेमलॉक एकामागून एक मारत उत्तरेकडे सरकतो आहे. पूर्वी कडाक्याची थंडी त्याला अडवायची. ३५ हेक्टरांच्या तुकड्यात हेमलॉक मुबलक आहे, त्यामुळे किडा पसरण्याआधीचं आणि नंतरचं जंगल झाडागणिक मांडता येणार आहे: कोणता क्रमांक मेला, त्याच्या उजेडात कुठला ब्लॅक बर्च वाढला, मेलेल्या खोडातला कार्बन किती वर्षं टिकला. झाडात गेलेला कार्बन तिथेच राहतो असं नाही. तो राहतो झाड आणि ओंडका राहतो तोवर.

आणि सगळ्यांत अवघड जागा पायाखाली आहे. आपल्या शेतकऱ्यांना माती तपासणीच्या कागदावरचा सेंद्रिय कर्ब माहीत असतो. जंगलाच्या मातीत तो भरपूर असतो, पण त्याला टेप गुंडाळता येत नाही. १९९१ साली जेरी मेलिलो या शास्त्रज्ञानं हार्वर्ड फॉरेस्टच्या जमिनीत विजेच्या तारा पुरल्या आणि काही चौकोनांतली माती आसपासच्या मातीपेक्षा ५ अंश सेल्सियसनं गरम ठेवायला सुरुवात केली, उन्हाळा असो की बर्फ. गरम मातीतून किती कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे जमिनीवर झाकण ठेवून मोजत राहायचं. पहिली दहा वर्षं तो भराभर सुटला. मग वेग मंदावला आणि पुढची काही वर्षं गरम मातीत आणि साध्या मातीत फरकच दिसेना. सहज कुजणारं संपलं, आता माती स्थिरावली, असं कुणालाही वाटलं असतं. त्यानंतर तो पुन्हा सुटू लागला. दरम्यान मातीतल्या सूक्ष्मजीवांची वस्तीच बदलली होती. मग पुन्हा थांबला. २६ वर्षांच्या शेवटी, २०१७ साली, हिशेब मांडला तेव्हा वरच्या ६० सेंटिमीटर मातीतला १७ टक्के कार्बन निघून गेलेला होता. पंधराव्या वर्षी तारा बंद केल्या असत्या तर हाती आलेलं उत्तर पूर्ण निराळं, आणि चुकीचं, असतं.